सारंगखेड्याच्या भूतबंगल्यातला फोटो : एक प्रकरण

सारंगखेड्याला फोटोग्राफर येतात ते घोड्यांसाठी. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोडेबाजारामुळे धुळे, जळगाव, नाशिकचेच नव्हे तर परराज्यांतले कॅमेरेही शहादा तालुक्यातल्या या गावात उतरतात. सूर्य बुडाला की घोड्यांचे फोटो संपतात, पण गळ्यातला कॅमेरा काही उतरत नाही. मग पाय पाळण्यांकडे वळतात. हे प्रकरण तिथलंच, आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्या मागे ताडपत्रीत उभ्या केलेल्या एका भूतबंगल्यातलं. मालक, कलाकार, फोटो काढणारा मुलगा, कोणाचंही नाव इथे देत नाही. का, ते पुढे येईलच.

भूतबंगला आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्याला प्लायवूड आणि काळं कापड, आणि नागमोडी जाणारी हातभर रुंदीची गल्ली. जमिनीवर फळ्या. आत चारपाच ठिकाणी लाल-निळ्या एलईडीच्या पट्ट्या, बाकी अंधार. तिकीट काढलेला माणूस चारपाच मिनिटांत किंचाळत दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. आत पाच कलाकार होते : एक सांगाडा, एक मुंजा, पांढऱ्या लुगड्यातली चेटकीण आणि रबरी मुखवट्यातले दोन खवीस. त्यांची पाळी संध्याकाळी सातला सुरू होऊन गर्दी असेपर्यंत, म्हणजे बारा-एकपर्यंत चालते.

आमच्या धुळ्याच्या फोटो ग्रुपमधला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी तिथे गेला. चोरून नाही, रीतसर. तिकीट खिडकीवरच्या मालकाला त्याने विचारलं. मालक म्हणाला, "काढा ना साहेब, तेवढीच आमची जाहिरात." झाली परवानगी.

इथेच पहिली गाठ आहे. मालकाने दिली ती जागेची परवानगी. तंबू त्याचा, विजेची जोडणी त्याची, तेव्हा कॅमेरा आत न्यायचा की नाही हे त्यानेच ठरवावं, बरोबर. पण सांगाड्याचे डोळे आणि चेटकिणीचा चेहरा मालकाच्या मालकीचा नाही, आणि त्या मुलाने त्या पाचांपैकी कोणालाच विचारलं नव्हतं. त्याला दोष द्यायला मी बसलेलो नाही. लग्नात वरपित्याला विचारलं की सगळ्या मांडवाचे फोटो काढायचे, अशीच आपल्याकडची सवय आहे.

आत काय झालं

सांगाड्याची जागा तिसऱ्या वळणावर होती. गुडघाभर उंचीच्या एका पाटावर तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. समोरच्या सैल फळीवर पाय पडला की ती वाजायची. त्या आवाजावर त्याने पाटावरून खाली, चुन्याने खूण केलेल्या जागेवर उडी घ्यायची आणि लगेच मागे सरकायचं. रात्रभरात शेकडो लोक, तीच उडी. त्याच्या पायाला पाटाची कड पाठ होती, पण पाठ असली तरी दर उडीला डोळ्याचा थोडा आधार लागतोच.

मुलाने तो उडी मारत असतानाच फ्लॅश मारला. फोटो आला, चांगला आला. पण सांगाडा मागे सरकताना पाट चुकला आणि गुडघा लोखंडी पाइपवर आपटला. "माले काहीच दिखत नही भो," एवढंच तो ओरडला. मागच्या लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे, ते हसले.

अंधाराला डोळा सरावायला वेळ लागतो. मंद प्रकाशात पाहण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात त्यांना पूर्ण जोर धरायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि जवळून मारलेला एक फ्लॅश ते सगळं क्षणात पुसून टाकतो. तिकीटवाला माणूस चार मिनिटांनी बाहेरच्या झगमगाटात जाणार असतो, त्याचं काही बिघडत नाही. कलाकार मात्र संध्याकाळपासून त्या अंधारात डोळे मुरवून बसलेला असतो. त्याच्यासाठी फ्लॅश म्हणजे पुढची वीसेक मिनिटं अर्धवट आंधळेपणाने उड्या मारणं. मुखवटेवाल्यांचं तर आणखी अवघड, कारण त्यांना रबरातल्या दोन भोकांतून जेवढं दिसेल तेवढंच जग.

त्या पेशी लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणून आत बारीक लाल उजेड चालतो, पांढरा चालत नाही. फ्लॅश बंद ठेवला की काम झालं असंही नाही. फोकस धरताना कॅमेऱ्याच्या पुढून जो छोटा दिवा लागतो तो बंद करायचा राहतो. फोटो काढून झाल्यावर मागचा स्क्रीन उजळतो, तो राहतो. मोबाइलवाल्यांचं तर विचारूच नका. चेहऱ्यासमोर धरलेला मोबाइल म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेला कंदीलच.

मग त्या मुलाने सांगाड्याला म्हटलं, "दादा, पुन्हा एकदा कराल का? या वेळी थोडं हळू." मागे आठदहा माणसं त्या गल्लीत अडकलेली. एक बाई कडेवरचं रडतं मूल घेऊन पुढे जायची वाट बघत होती. पुढचा माणूस थांबला की मागचा अंधारात त्याच्यावर आदळतो, आणि ताडपत्रीच्या तंबूत ढकलाढकली कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. मला विचाराल तर फ्लॅशपेक्षाही ही थांबवाथांबवी जास्त वाईट. फ्लॅश हाताच्या चुकीने पडू शकतो. माणूस रस्त्यात उभा राहतो तो मात्र स्वतःचं काम समोरच्याच्या कामापेक्षा मोठं समजून.

चेटकिणीचा फोटो

एवढ्यावर भागलं असतं तर सांगाड्याच्या गुडघ्याला हळद लावून विषय मिटला असता. खरं प्रकरण दुसऱ्या दिवशी उभं राहिलं.

चेटकिणीचं काम करणारी ताई सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका गावची. खेळ सुरू होण्याआधी मागच्या बाजूला ती रंगत असताना मुलाने तिच्याशी गप्पा मारल्या होत्या. गाव कुठलं, मुलं किती, असं काहीबाही. ती मोकळेपणाने बोलली. नंतर आत, तिच्या वळणावर, त्याने तिचा फोटो काढला : सुतळीच्या जटा पुढे आलेल्या, पांढऱ्या रंगाने चेहरा माखलेला, काजळाने डोळ्यांची खळगी केलेली, दोन्ही हात भिंगाकडे झेपावलेले. त्या रात्रीच्या सगळ्या फोटोंत हा सरस. रात्रीच त्याने तो टाकला. खाली लिहिलं, "सातपुड्याची डाकीण", आणि पुढे तिच्या गावाचं नाव.

गाव लिहिलं ते आदराने. ज्याचा फोटो काढला त्याची ओळख द्यावी, बिननावाचा "एक आदिवासी महिला" असा उल्लेख करू नये, हे आम्हीच ग्रुपमध्ये शिकवतो. शिकवण चांगली आहे. पण इथे ती उलटी लागू पडली.

पांढऱ्या रंगाखाली चेहरा लपला होता. हनुवटीवरचं गोंदण लपलं नव्हतं. रंग घामाने तिथे उतरला होता आणि तीन हिरवट ठिपके स्पष्ट दिसत होते. तिच्या गावच्या माणसाला ओळखायला एवढं पुरे. त्यात गावाचं नाव छापलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोटो दोनतीन व्हॉट्सॲप ग्रुप फिरून तिच्या दिराच्या मोबाइलवर पोचला. ती मेळ्यात कामाला जाते एवढं घरी माहीत होतं. कसलं काम, ते कोणी विचारलं नव्हतं.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं, सोंगच ते. नंदुरबार जिल्ह्याची माहिती असलेल्याला तसं वाटणार नाही. डाकीण ठरवून बाईला मारहाण करणं, तिला गावाबाहेर काढणं अशा घटना या पट्ट्यात घडलेल्या आहेत, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध इथे वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. अशा आरोपाच्या मागे बहुतेकदा जमिनीचा वाद, घरातलं आजारपण किंवा साधा हेवा असतो. आरोप करणाऱ्याला हवं असतं ते फक्त निमित्त. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील केलं तर त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पोस्ट टाकणाऱ्या मुलाला हा कायदा लागतो असं माझं म्हणणं नाही. त्याने सोंगाला सोंगाचंच नाव दिलं होतं. पण गावात भांडण उकरून काढणाऱ्याच्या हातात गावाच्या नावासह "डाकीण" लिहिलेला फोटो पडला, तर तो सोंगाबद्दल आहे हे समजावत कोण बसणार?

ती स्वतः आमच्याकडे आली नाही. मालकाच्या बायकोने, मेळ्यातल्या सगळ्यांच्या वहिनीने, निरोप धाडला. पैशांचं बोलणं नाही, आरडाओरडा नाही. फोटो काढून टाका, एवढंच.

ग्रुपमधली वादावादी

पोस्ट लगेच काढली. मुलाने खळखळ केली नाही. पण ग्रुपमधल्या जुन्या मंडळींनी केली. "यात्रा म्हणजे सार्वजनिक जागा." "तिकीट लावून दाखवतात, मग फोटोला लाजायचं कशाला?" आणि हमखास ऐकू येणारं तिसरं : "तिनेच तर पोज दिली!"

पोजचं आधी घेऊ. तिने हात भिंगाकडे झेपावले, खरं आहे. पण ती समोर येणाऱ्या प्रत्येकावर तशीच झेपावते. तो तिचा पगार आहे. खेळातल्या आवेशाला होकार समजायचं, तर तमाशातल्या सोंगाड्याने "या पाव्हणं" म्हटल्यावर थेट रंगमंचावर चढायला हवं. तिचा होकार कळणार तो ती जटा बाजूला सारून, साध्या आवाजात तुमच्याशी बोलेल तेव्हाच. सार्वजनिक जागेचं म्हणाल, तर घोडेबाजार सार्वजनिक आहे, तिकिटाचा तंबू नाही. आणि कायद्याने चालतं एवढाच मुद्दा असेल तर वाद घालायलाही माझ्यात उत्साह नाही.

मात्र कायद्याची एक बाजू या मंडळींना ठाऊक नव्हती, ती इथे नोंदवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. कलाकाराच्या व्याख्येत नट, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा येतो. हा हक्क हलत्या चित्रणाला लागतो, स्थिर फोटोला तसा नाही. म्हणजे गंमत बघा : जी रील आपण फोटोपेक्षा हलक्या हाताने टाकतो, तिच्याबाबत कलाकाराची बाजू उलट जास्त भक्कम आहे.

फोटो परत गोळा करणं हे सगळ्यात कष्टाचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दोन दिवसांहून थोडी जास्त वेळच असते, आणि तीही फक्त पाठवणाऱ्याने स्वतः पाठवलेल्यापुरती; पुढे गेलेल्या प्रती आपल्या हातात राहत नाहीत. म्हणून मुलाने ज्यांना ज्यांना पाठवला त्यांना फोन केले, मेसेज नाही. मेसेज वाचून माणूस अंगठा दाखवतो आणि विसरतो. ज्या ग्रुपांत पोचला होता तिथल्या ॲडमिनांना आमच्यातल्या एका शिक्षकाने गाठलं. एकाने सुचवलं की जाहीर माफीची पोस्ट टाकू. मी विरोध केला. माफी वाचणारा प्रत्येक जण विचारणार, कोणता फोटो? आणि ज्याच्याकडे असेल तो दाखवणार. अशा वेळी गुपचूप केलेलं काम बरं.

दुपारची बैठक

त्यानंतर भूतबंगल्याच्या मागे, दुपारी खेळ बंद असताना, सगळे एकत्र बसले. चहा मालकाचा, गरम भजी आमची. उद्देश तक्रारीचा नव्हता. यात्रा अजून बरेच दिवस चालणार होती, आणि कलाकारांनाही फोटो हवेच होते, आपल्या पसंतीचे.

पाच जणांची पाच उत्तरं आली. हीच मला या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते.

सांगाडा दोंडाईचाकडचा तरणाबांड पोरगा. त्याला फोटो हवा, व्हिडिओ हवा, इन्स्टाग्रामवर टॅग हवा, आणि टॅगमध्ये स्पेलिंग बरोबर हवं. त्याची अट एकच : "फोटू काढना शे ना, ते पहिले इचार." मुंज्याला रंगलेल्या चेहऱ्याचे चालतील, पण रंग चढवताना किंवा विडी ओढताना काढलेले नकोत, अर्धवट रंगलेलं सोंग लोकांनी पाहिलं तर मग भिणार कोण? मुखवटेवाल्यांना कशाचीच हरकत नव्हती. एक जण म्हणाला, मुखवट्यात मी आहे की माझा चुलतभाऊ, कोणाला कळतंय! मालकाला एवढंच हवं होतं की आतल्या वळणांचा नकाशा कळेल असे फोटो बाहेर जाऊ नयेत, नाहीतर लोक वळणाआधीच सावध होतात.

ताई शेवटी बोलली. फोटो काढा, म्हणाली. हनुवटी नको, गाव नको. आणि ते नाव नको. "चेटकीण म्हणा, ती गोष्टीतली असते." मेळ्यातला भोंगा तिला बाहेरून रोज "डाकीण, डाकीण" म्हणत होता, त्याबद्दल मालकाने काही विचारलं नाही. त्या रात्रीपासून घोषणा बदललेली मात्र मी ऐकली.

ठरलं ते असं. खेळ चालू असताना एका वेळी एकच कॅमेरा आत, आणि तो उभा राहणार फक्त दोन ठरलेल्या कोपऱ्यांत, जिथे गल्ली रुंद आहे. फ्लॅश, फोकसचा दिवा, स्क्रीन, सगळं बंद. कलाकाराने दोन्ही मनगटं छातीवर आडवी धरली की कॅमेरा खाली. जटांना, लुगड्याला, मुखवट्याला हात लावायचा नाही, "जरा नीट करतो" म्हणूनही नाही. पोजचे फोटो काढायचे ते शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर आणि कलाकारांनी पाणी प्यायल्यावर, पंधरा मिनिटं, बाहेरच्या मोकळ्या जागेत. पाच तास उड्या मारलेल्या माणसाचा तो घरी जायचा वेळ असतो, म्हणून पंधरा म्हणजे पंधरा. आणि काढलेला प्रत्येक फोटो आधी कॅमेऱ्यावरच त्याला दाखवायचा. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा.

अंधारातलं तंत्र

फ्लॅशशिवाय कसं जमायचं, असं विचारतात म्हणून थोडं. ३५ मिमीची एफ/१.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स त्या गल्लीत बरोबर बसते. ५० मिमी स्वस्त मिळते, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिथे माणूस मावत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० ते ६४००; दाणे दिसले तर दिसू द्यावेत, भुताला ते शोभतात. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर काळ्या कापडाला करडं करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली ओढावं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). लाल पट्टीच्या उजेडात लाल रंग लवकर फुटतो आणि चेहरा टोमॅटोसारखा सपाट होतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तीन रंगांचा वेगळा बघावा, अर्थात बाहेर आल्यावर.

आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. यात्रेत मात्र वीज जनरेटरची. त्याचा वेग भार पडेल तसा हलतो, आकाशपाळणा सुरू झाला की आणखी. तेव्हा पट्टे आलेच तर कॅमेऱ्याला शिव्या देऊ नयेत. साधं शटर वापरावं. भूतबंगल्यात भोंग्यावरून इतकं ओरडणं चालू असतं की खटका कोणाला ऐकू येतो!

या पद्धतीने काढलेल्यांतला एक फोटो मी पाहिला. काळ्या कापडाच्या फटीतून आलेला फक्त हात. कोपरापर्यंत पांढरा रंग, नखांना डिंकाने चिकटवलेली चिंध्यांची टोकं, आणि मनगटात रंगाखालून डोकावणारी लाल बांगडी. ती बांगडी काढायला ताई विसरली होती, किंवा काढायचीच नव्हती. चेहऱ्याच्या फोटोपेक्षा हा जास्त घाबरवतो असं माझं मत आहे. मुलाला अजून तसं वाटत नाही. त्याच्या मते पहिलाच चांगला होता, आणि फोटो म्हणून पाहिलं तर त्याचं चूक नाही.

शहाद्याहून सगळ्यांच्या प्रती छापून आणल्या. पैसे द्यावेत का यावर ग्रुपमध्ये पुन्हा दोन तट पडले. मी म्हणतो, विकायचा असेल तर आधी लेखी ठरवा आणि वाटा द्या; विकायचा नसेल तर छापील प्रत द्या. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोला मेळ्यातली माणसं भेट मानत नाहीत, छापलेल्याला मानतात.

हीच यादी उचलून दुसरीकडे नेऊ नये. आमच्यातले काही जण लगेच म्हणाले की काठी गावच्या राजवाडी होळीलाही हेच नियम लावू. अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या होळीत मोरपिसांचे टोप घातलेले, अंगभर नक्षी काढलेले बुध्या रात्रभर नाचतात. पण ते तिकिटाचं सोंग नाही, नवस आणि पाळणी आहे. तिथे काय चालेल ते त्या गावालाच विचारावं लागेल. भूतबंगल्याच्या मालकाशी झालेला करार तिथे कशाला लागू होईल?

पुढे त्या मुलाला हाताचा फोटो एका स्पर्धेला पाठवायचा होता. ताईला विचारलं. ती हो म्हणाली, शीर्षकही तिनेच सुचवलं, "वळणावर". पण स्पर्धेच्या फॉर्मवर फोटोतल्या व्यक्तीचं नाव, गाव आणि सही या तिन्ही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना. सही चालेल, नाव-गाव नाही, असं ती म्हणाली. आयोजकांना ईमेल केला. नियम सगळ्यांना सारखे, असं उत्तर आलं. शेवटी त्याने सांगाड्याचा फोटो पाठवला. फॉर्मवर सांगाड्याचं नाव, गाव, मोबाइल नंबर सगळं आहे, आणि जागा उरली म्हणून त्याने इन्स्टाग्रामचा पत्ताही लिहायला लावला.